धाकटीचे इंग्रजी वाचन

मागच्या वर्षी गौरी-गणपतीला आम्ही सारे नणंदबाईंकडे जमलो होतो. आरती झाली, पंगत उठली आणि मुलांनी आतल्या खोलीत पत्त्यांसारखा कसला तरी खेळ मांडला. प्रत्येक पत्त्यावर इंग्रजीत एकेक हुकूम छापलेला. पत्ता ओढायचा, मोठ्याने वाचायचा आणि त्यात सांगितले असेल ते करून दाखवायचे. नणंदबाईंचा मुलगा आणि आमची धाकटी एकाच वयाची, दोघेही तेव्हा तिसरीत; तो इंग्रजी शाळेत, ही मराठी. हिची पाळी आली तेव्हा हिने पत्ता उलटसुलट करून पाहिला, "मला तहान लागलीय" असे सांगून जी उठली ती माझ्या पदराशी येऊन बसली. खेळ मोडेपर्यंत हलली नाही.

नणंदबाईंच्या नजरेतून हे सुटणे शक्यच नव्हते. निघताना प्रसादाचा डबा हातात देत त्या म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका. पण तुमचं मराठीचं प्रेम कॉलेजात ठेवा. पोरीच्या पुढल्या आयुष्याचा प्रश्न आहे. येत्या वर्षी तरी शाळा बदला."

राग आला, नाही असे नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती रागाने नव्हे. मी कॉलेजात मराठी शिकवते. मुलीला मराठी शाळेत घातले ते हौसेने आणि थोड्याशा अभिमानानेही. आता प्रश्न असा उभा राहिला की, त्या अभिमानाची किंमत मी भरते आहे की ती? आमच्या पिढीला इंग्रजी भेटले ते पाचवीत. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. म्हणजे धाकटीच्या गाठीशी दोन वर्षांहून अधिक इंग्रजी होते. हातवारे करून कविता म्हणे, रंगांची, फळांची नावे घडाघडा सांगे. मात्र छापलेली एक ओळ पुढे ठेवली की गप्प!

शेवटी यांनी तोड काढली. म्हणाले, "मे महिन्यापर्यंत तू घरी बघ. नाही जमलं तर मग ताई म्हणते तसं करू." इंग्रजी शाळेचा प्रवेशाचा फॉर्मही त्यांनी आणून ठेवला. तो मी कपाटात, साड्यांच्या घडीखाली सरकवून दिला. पण साडी काढताना रोज तो हाताला लागे.

आरंभ मी केला तो अगदी प्राध्यापकी थाटात. अप्पा बळवंत चौकात जाऊन परीकथांचे एक जाडजूड, रंगीत चित्रांचे इंग्रजी पुस्तक आणले. गोष्ट ओळखीची, चित्रे सुरेख. मग अडायचे कुठे? अडले ते पहिल्याच ओळीत. दर ओळीला तीन-चार शब्द नवे. प्रत्येक शब्दाला मी थांबवी, अर्थ सांगे, वहीत पाच वेळा लिहून घेई. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरलेला! आठवड्यात आमचे दीड पान झाले. राजकन्या जंगलाच्या तोंडाशीच उभी राहिली आणि माझी कन्या पुस्तक दिसले की पोट दुखते म्हणू लागली.

आमच्या कॉलेजातल्या इंग्रजी विभागात एक ज्येष्ठ बाई आहेत. स्टाफरूममध्ये चहा घेताना त्यांच्यापाशी रडगाणे गायले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही स्वतः मराठी वाचायला कशावर शिकलात हो?"

मी म्हटले, "चांदोबावर. पुढे फास्टर फेणेवर."

"तेव्हा शब्दागणिक अर्थ कोण विचारत होतं?"

कोणीही नाही. माळ्यावर, जिन्यात, जेवताना ताटाशेजारी, जिथे जागा सापडेल तिथे वाचले. अडलेला शब्द ओलांडून पुढे गेले; तोच शब्द चार गोष्टींत पुन्हा भेटला की आपोआप कळला. पण मराठीत हे जमते, कारण शंभरांतले पंचाण्णव शब्द मुलाच्या कानांवरून आधीच गेलेले असतात. इंग्रजीत ते पंचाण्णव आणायचे कुठून? बाईंचे उत्तर असे की, आणायचे नाहीत. पुस्तकच असे घ्यायचे की ज्यात नव्वद-पंचाण्णव शब्द मुलाला ठाऊक आहेत. तसे पुस्तक लिहावे लागते, ते सहसा आपोआप होत नाही. या पुस्तकांना पायरीवार किंवा श्रेणीबद्ध गोष्टींची पुस्तके म्हणतात. त्यांचा इतिहास शोधायला मी आमच्या ग्रंथालयात शिरले आणि पाहते तो काय, त्याचे एक मोठे मूळ आपल्याच देशात, अविभाजित बंगालमध्ये निघाले!

मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज गृहस्थ सरकारी शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि ढाक्याला शिक्षकांना शिकवीत. बंगाली मुलांचे इंग्रजी त्यांनी जवळून पाहिले. १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर त्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी मांडलेला एक मुद्दा आपल्यासारख्या विम्याचे हप्ते भरणाऱ्या माणसांना चटकन पटावा. ते विचारतात, मुलाने शाळा मध्येच सोडली तर तोवर शिकलेल्या इंग्रजीचे त्याच्या हाती काय उरते? पॉलिसी मुदतीपूर्वी मोडली की जी रक्कम परत मिळते, तिला आपण सरेंडर व्हॅल्यू म्हणतो. थोडे बोलणे, थोडे लिहिणे, थोडे व्याकरण असे चिमूट-चिमूट शिकवले तर अर्ध्यावर सुटलेल्या मुलाच्या हाती काहीच पडत नाही. उलट, वाचता आले तर त्याला पुढे स्वतःच्या बळावर जाता येते. म्हणून वेस्टसाहेबांनी आधी वाचन धरले.

मग त्यांनी त्या काळची वाचनपुस्तके तपासली. दोष सापडला तो साधाच. नवे शब्द एकामागून एक अंगावर येतात आणि एकदा आलेला शब्द पुन्हा भेटेलच याची हमी नाही. त्यांनी स्वतःची वाचनमाला रचली. तीत नवे शब्द थोडे आणि दूरदूर पेरले, आलेला शब्द पुन्हापुन्हा फिरवून आणला, पुस्तकी शब्दांच्या जागी रोजच्या वापरातले घातले. नेहमी लागणारे शब्द आधी शिकवायचे तर ते कोणते, हे मोजूनच ठरवायला हवे. त्या मोजणीतून सुमारे २००० शब्दांची त्यांनी संपादित केलेली यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुढे जगभर परक्या मुलांसाठी सोपी इंग्रजी पुस्तके लिहिणाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे हाताशी ठेवली.

खुद्द इंग्लंड-अमेरिकेतही मुलांसाठी हाच हिशेब झाला. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत पीटर आणि जेन या भावंडांची छोटी पुस्तके असतील. लेडीबर्ड प्रकाशनाची विल्यम मरे यांनी रचलेली ही ३६ पुस्तकांची माला १९६४ पासून निघू लागली. तिचा पाया एका मोजणीवर आहे. आपण इंग्रजीत जे काही वाचतो-लिहितो त्याचा चौथा हिस्सा अवघे १२ शब्द व्यापतात! अ, अँड, ही, आय, इन, इज, इट, ऑफ, दॅट, द, टू आणि वॉज. विश्वास बसेना म्हणून मी धाकटीचे पाठ्यपुस्तक उघडले. ओळीओळीला हीच मंडळी हजर. माझ्या परीकथेतले 'राजवाडा' नि 'चेटकीण' पाच-पाच वेळा लिहून घेण्यापेक्षा ही बारा गिरवून घेतली असती तर!

अमेरिकेत डॉक्टर स्यूस या टोपणनावाच्या लेखकाने १९५७ साली टोपीवाल्या मांजराची गोष्ट लिहिली, ती फक्त २३६ वेगवेगळ्या शब्दांत. पुढे प्रकाशकाने पैज लावली की, ५० शब्दांत पुस्तक लिहून दाखवा. १९६० साली त्याने तेही दाखवले आणि ते पुस्तक मुलांनी डोक्यावर घेतले. शब्द मोजून लिहिलेली गोष्ट रुक्षच असते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एरवी, माझे मत विचाराल तर, यातली बरीच पुस्तके वाङ्मय म्हणून सामान्यच असतात. पीटर आणि जेन यांच्या आयुष्यात पाने उलटली तरी काही घडत नाही. पण पोहायला शिकताना कमरेला बांधलेल्या डब्याची कोणी कारागिरी पाहत नाही.

आम्ही मग अगदी पहिल्या पायरीची पुस्तके आणली. आठ-दहा पाने, पानावर मोठे चित्र, खाली एक ओळ. पुढच्या पानावर तीच ओळ, त्यात एकच शब्द बदललेला, आणि बदललेला शब्द चित्रात दिसतो. धाकटीला पहिले पुस्तक दहा मिनिटांत वाचून झाले. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, मी अख्खं पुस्तक वाचलं?" असे तिने तीनदा विचारले.

बाईंनी मला पथ्ये घालून दिली होती. पहिल्यांदा मी ओळीखाली बोट फिरवीत मोठ्याने वाचायचे, दुसऱ्यांदा दोघींनी मिळून, तिसऱ्यांदा तिने एकटीने. मध्ये स्पेलिंग विचारायचे नाही, अर्थ विचारायचा नाही, वही उघडायची नाही. पुस्तक निवडताना मधले एखादे पान तिला वाचू द्यायचे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला तिने एक बोट मिटायचे. पान संपण्याआधी मूठ वळली तर पुस्तक परत फडताळात. आणि दिवसाला वीस मिनिटे, त्याहून अधिक नाही, तिने मागितले तरी नाही. हे शेवटचे पथ्य मी मोडले आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

अक्षरांच्या बाबतीत मात्र थोडे शिकवावे लागले. आपल्या देवनागरीत अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार; 'क' म्हणजे क. इंग्रजी 'एच'च्या नावात ह कुठेच ऐकू येत नाही आणि 'डब्ल्यू'च्या नावात व शोधून सापडत नाही. मराठी वाचणारे मूल इंग्रजीकडे प्रामाणिकपणाची अपेक्षा घेऊन येते आणि फसते. म्हणून अक्षरांची नावे बाजूला ठेवून त्यांचे आवाज शिकवले: ब, क, ड, म. बहुतेक छोटे शब्द त्यावर निघतात. जे निघत नाहीत, ते चेहऱ्याने ओळखायचे.

त्यातलीच एक गंमत. तिसऱ्या का चौथ्या पुस्तकानंतर धाकटीने अगदी गंभीरपणे विचारले, "आई, हा सईद कोण गं? सगळ्या गोष्टींत असतो." मला काही उमगेना. तिने बोट ठेवून दाखवले: एस, ए, आय, डी. मांजर सईद, कुत्रा सईद, आई सईद! अक्षरे जशी दिसली तशी तिने प्रामाणिकपणे लावली होती. मी हसत सुटले. 'सेड' म्हणजे 'म्हणाला' हे कळल्यावर तिचा थोडा हिरमोड झाला. सईद तिला आवडू लागला होता. घरात आजही कोणी कुणाचे बोलणे सांगू लागले की ती हळूच म्हणते, "सईद!"

पण या साऱ्यात खरी कामगिरी केली ती आमच्या सासूबाईंनी. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी अक्षरओळखही नाही. एके संध्याकाळी मी पेपर तपासायला बसले होते आणि धाकटीला ऐकणारे कोणी हवे होते. ती आजीजवळ गेली. आजीने वाती वळता वळता सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छान वाचलंस. पण मला मेलीला काय कळणार? काय झालं ते सांग की."

धाकटीने सांगितले. मराठीत, हातवारे करून, पदरचे तिखटमीठ लावून. आजीने मध्येच विचारले, "मग त्या कुत्र्यानं भाकरी खाल्ली की नाही?" हिला आठवेना. हिने पुन्हा पुस्तक उघडले, ते पान काढले, वाचले आणि म्हणाली, "नाही गं, त्यानं ती पिल्लाला दिली."

मी तांबडे पेन हातात धरून पाहत राहिले. मी शब्दांचे अर्थ विचारी, ती परीक्षा होती. आजी विचारीत ते त्यांना खरोखर ठाऊक नव्हते म्हणून. त्या दिवसापासून शेवटचे वाचन आजीपाशी, असा नेमच झाला. मुलीला गोष्ट समजली की नाही, हे आजीच्या प्रश्नांतून मला आपोआप कळू लागले.

पुस्तकांच्या खर्चाचे काय, हा प्रश्न वाचक भगिनींच्या मनात आला असेलच. परदेशी संच महाग, आणि पायरीवरची पुस्तके तर दोन दिवसांत वाचून होतात. आम्ही इमारतीतल्या पाच-सहा घरांनी मिळून पुस्तकांची भिशीच काढली. प्रत्येकीने चार-पाच घ्यायची, रविवारी फिरवायची. काही रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मिळाली. 'प्रथम बुक्स' ही संस्था २००४ पासून मुलांसाठी स्वस्त पुस्तके काढते. तिच्या गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या असतात, त्यांतल्या कित्येक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतात. २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या तिच्या संकेतस्थळावर त्या फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. या गोष्टींत रिक्षा आहे, डोसा आहे, साडी नेसलेली आजी आहे. पीटर-जेनच्या घरचे सगळेच निराळे; तिथे शब्दही परका आणि वस्तूही परकी. वस्तू ओळखीची असली की मुलावरचा अर्धा भार उतरतो.

भिशीत एक अडचण मात्र आली, ती मुलांची नव्हे, आमची. "आमचा तिसऱ्या पायरीवर पोहोचला, तुमची अजून पहिलीवरच?" असे जिन्यात ऐकू येऊ लागले. धाकटी एकदा मुठीत न मावणारे पुस्तक घेऊन आली, कारण शेजारच्या मुलाने तेच नेले होते. अखेर आम्ही सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे घातली आणि पायरीचा आकडा आत, शेवटच्या पानावर, पेन्सिलीने बारीक लिहिला. मुलांना त्याचे काहीच वाटले नाही. एकदोन आयांना वाटले.

हे झाले घरचे. वर्गात पन्नास मुले असताना असे काही होते का? याचे एक चांगले उदाहरण फिजी बेटांतले आहे. तिथल्या ग्रामीण मुलांची घरची भाषा फिजियन, किंवा ज्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये म्हणून गेले त्यांची हिंदी. इंग्रजी दोघांनाही परकीच. १९८० साली वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या दोघा संशोधकांनी तिथल्या आठ ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे अडीचशे इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत मुलांनी रोज वीस-तीस मिनिटे आपापले वाचायचे. काहींत शिक्षकाने मोठे पुस्तक सर्वांसमोर धरून मुलांबरोबर पुन्हापुन्हा वाचायचे, चर्चा करायची. इतर शाळांत नेहमीचे वाक्यरचना घोकण्याचे तास चालू राहिले. आठ महिन्यांनी मोजले तेव्हा पुस्तकांच्या शाळांतील मुलांची वाचनातली प्रगती जवळजवळ दुप्पट वेगाने झालेली दिसली. दुसऱ्या वर्षी अंतर वाढले आणि त्याचा फायदा इतर विषयांतही दिसू लागला.

आता नणंदबाईंच्या मुलाची गोष्ट सांगायला हवी. सांगू की नको, असे दहादा मनात आले. पण त्यांना विचारून सांगते आहे. नाताळच्या सुट्टीत तो चार दिवस आमच्याकडे राहायला आला. धाकटीच्या पुस्तकांतले त्याने तिसऱ्या पायरीचे उचलले आणि आगगाडीच्या वेगाने वाचून दाखवले. उच्चार इतके झोकदार की, मला माझीच लाज वाटली. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, "वा! आता काय झालं ते सांग."

तो गप्प. पुन्हा वाचू लागला, तितक्याच वेगाने. "पण झालं काय रे राजा?" त्याला सांगता येईना. मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. धाकटी त्याच्या कानात काही तरी पुटपुटली आणि दोघे पहिल्या पायरीचे पुस्तक घेऊन गॅलरीत जाऊन बसले. मी नणंदबाईंना फोन केला नाही. त्याला न्यायला आल्या तेव्हा सासूबाईंनीच सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पिशवी उघडून म्हणाल्या, "वहिनी, त्यातली दहा-बारा पुस्तकं आठवडाभर नेऊ का?"

मला आनंद झाला नाही. वाचन म्हणजे छापलेल्यातून कोणी तरी आपल्याशी बोलते आहे, हे धाकटीला मराठीत आधीच कळले होते. ती इंग्रजीतही तेच शोधीत होती. त्या बिचाऱ्याला वाचन भेटले ते आवाज म्हणून. हुशार मुलगा आहे, सुटेल त्यातून. पण दोष शाळेच्या माध्यमाचा, की त्याला सोपे पुस्तक कोणी दिलेच नाही याचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कारण आमची मराठी शाळाही ते देत नव्हती.

मे महिन्यात यांनी फॉर्मचे विचारले. धाकटी तेव्हा दुसरी पायरी ओलांडून गेली होती. बोलत नव्हती, इंग्रजीत दोन वाक्ये बोल म्हटले तर अजूनही पळते, आणि या पुस्तकांनी बोलणेही येईल असे मी कोणाला सांगणार नाही. पण पाटी, बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, दिसेल ते वाचीत होती. आम्ही तिला चौथीत त्याच शाळेत ठेवले. पाचवीचे पाहू, फॉर्म अजून घडीखालीच आहे.

परवा दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मी रोडला गेलो होतो. सासूबाई बरोबर होत्या. साड्यांच्या एका दुकानासमोर त्या थांबल्या, चष्मा सारखा केला आणि वरच्या इंग्रजी पाटीकडे बोट दाखवून नातीला हळूच म्हणाल्या, "ते पहिलं, ते तुझं 'द' ना गं?"